गुहागरची जिप्सी आणि स्लायडरचे सहा पाय

मावसभावाचा फोन आला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. "दादा, डावं दार लागत नाहीये." बागेतून येताना गाडी जांभ्याच्या कातळावरून घसरली आणि दाराखालची पट्टी दगडावर बसली. पट्टी चेपली, तिच्याबरोबर दाराची चौकट दोन-तीन मिलिमीटर वर गेली, आणि दार कुलपाच्या खुंटीला अडकायला लागलं. त्याने फोटो पाठवला त्यात पट्टीला मुठीएवढा पोचा आणि त्यात लाल माती.

गाडी 2011 ची जिप्सी, सॉफ्ट टॉप. गुहागरच्या घरापासून हापूसच्या बागेपर्यंत अडीच किलोमीटर वाट आहे, त्यातली शेवटची अर्धी जुन्या चिरेखाणीच्या कडेने जाते. खाणीत चिरे कापून नेल्यावर जे पायऱ्यांसारखे काठ उरतात, त्यातले दोन काठ वाटेवर आडवे आहेत. चाक वर चढतं, गाडीचं पोट मात्र काठावर टेकतं. हौस म्हणून ऑफ-रोडिंग करणारे आम्ही पुण्याचे लोक जे शनिवारी शोधत फिरतो, ते याच्या रोजच्या वाटेवर आहे.

इलाज उघड होता, दाराखाली रॉक स्लायडर. जाड पाइपची शिडीसारखी चौकट, जी चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, धरून राहते आणि दगडाचा मार पत्र्याऐवजी स्वतःवर घेते. खरा प्रश्न पुढचा होता, ती चासीला धरायची कशी. त्यावर आमचे तीन दिवस गेले, पाइप कापायला एक दिवसही लागला नाही.

मिस्त्री आणि मी

चिपळूणजवळ खेर्डीला एक फॅब्रिकेटर आहेत, साठीच्या आसपासचे. बागेच्या गेटपासून टेम्पोच्या हौद्यापर्यंत सगळं करतात आणि हात सुरेख आहे. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "सहा ठिकाणी वेल्डिंग मारून टाकतो, तुमच्या नातवापर्यंत बघायला नको." भावाचा कलही तिकडेच. बोल्ट म्हणजे सैल होणारी, टकटक वाजणारी, शेवटी तुटणारी गोष्ट, असं दोघांचं मत. माझं मत तेव्हा उलट होतं, पण खरं सांगायचं तर तेही ऐकीव होतं: "चासीला वेल्डिंग करायचं नाही." का करायचं नाही, हे मिस्त्रींनी विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही. म्हणून वही काढली.

एक पर्याय पहिल्या पाच मिनिटांत बाद झाला. बाजारात मिळणाऱ्या काही फूटबोर्डसारख्या चौकटी दाराखालच्या पट्टीलाच, म्हणजे बॉडीला, नटबोल्टने धरतात. जिप्सीची बॉडी चासीवर रबरी गुट्ट्यांवर बसलेली असते. चासी पिळते तशी बॉडी थोडी वेगळी हलते. बॉडीला धरलेला स्लायडर म्हणजे ज्या पत्र्याला वाचवायचं त्याच्यावरच मार नेऊन सोडणं. पाय ठेवून चढायला ठीक.

मग उरले तीन मार्ग. पाइप थेट चासीला वेल्ड करायचा. चासीच्या रेलला, म्हणजे गाडीच्या लांबीने जाणाऱ्या पोकळ तुळईला, आरपार भोक पाडून बोल्ट घालायचे. किंवा रेलला भोक न पाडता दोन्ही बाजूंनी प्लेट लावून, रेलच्या वरून आणि खालून बोल्ट नेऊन, शिकंज्यासारखं आवळायचं. चौथाही एक आहे, चासीला फक्त फ्लँज, म्हणजे भोकं असलेली चपटी प्लेट, वेल्ड करायची आणि स्लायडर त्या फ्लँजला बोल्टने लावायचा. तो मला मनातून आवडतो, पण त्याचं भवितव्यही पहिल्या मार्गासारखंच चासीच्या प्रकृतीवर अवलंबून होतं.

वहीतला हिशोब

सॉफ्ट टॉप जिप्सीचं मोकळं वजन 985 किलो. दोन माणसं, आंब्याच्या पेट्या, हत्यारं धरून 1200 म्हणू. गाडी एका बाजूने दगडावर बसली तर अर्धा भार, 600 किलो, एका स्लायडरवर. प्रत्येक स्लायडरला चासीला धरणारे तीन पाय; दगड नेमका एकाच पायाजवळ लागू शकतो, म्हणून सगळा भार एकाच पायावर धरला. चासीच्या रेलपासून बाहेरच्या पाइपच्या मध्यापर्यंत 300 मिलिमीटर. म्हणजे साधारण 1800 न्यूटन-मीटरचा मुरड पायाच्या मुळाशी.

आता तो पाय डोळ्यांसमोर आणा. टोक वर ढकललं गेलं की मुळाशी असलेल्या प्लेटची वरची कड रेलमध्ये रुतायला बघते आणि खालची कड रेलपासून सुटायला बघते. म्हणजे ताण येतो तो खालच्या बोल्टांवर. वरच्या टेकण्यापासून खालच्या बोल्टांपर्यंत 110 मिलिमीटर धरले तर खालच्या ओळीवर सुमारे 16 किलोन्यूटन, दोन बोल्टांत वाटून प्रत्येकी 8. एम-12 चा 8.8 ग्रेडचा बोल्ट कायमचा न ताणता 49 किलोन्यूटनच्या आसपास सोसतो. गाडी नुसती टेकली नाही, आदळली, म्हणून तिप्पट धरा. तरी निम्म्यावरच.

मिस्त्रींनी आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे बोल्ट नाही तुटत." नाही तुटत. आणि त्यांचं वेल्डिंगही नसतं तुटलं. तुटतं किंवा चेपतं ते या दोघांच्या पलीकडचं, रेलचा पत्रा. तो जेमतेम तीन मिलिमीटरचा डबा आहे. वेल्ड करा नाहीतर बोल्ट लावा, 1800 न्यूटन-मीटर शेवटी त्या पत्र्यातच उतरणार. मग तो किती लांबीवर पसरून उतरतो, आणि रेल पिळायला लागली तर जवळ तिला धरणारं काही आहे का, एवढंच आपल्या हातात. दोन क्रॉसमेंबरच्या, म्हणजे डावी-उजवी रेल जोडणाऱ्या आडव्या तुळयांच्या, मधोमध पाय लावला तर रेल टॉवेलसारखी पिळते. क्रॉसमेंबरला लागून लावला तर पलीकडची रेलही मदतीला येते.

हा हिशोब झाल्यावर 'वेल्ड की बोल्ट' हा वाद निम्मा विरला. पायांच्या जागा आधी ठरल्या: पुढचा आणि मागचा पाय क्रॉसमेंबरपाशी, मधला बॉडी माउंटच्या, म्हणजे बॉडीची रबरी गुट्टी जिथे बसते त्या, ब्रॅकेटजवळ.

हातोडीचा आवाज

जागा ठरल्या म्हणून गाडी घोड्यांवर चढवली आणि मिस्त्रींनी छोट्या हातोडीने रेल वाजवत नेली. पुढून ठण, ठण, ठण. डावीकडे मागच्या क्रॉसमेंबरच्या अलीकडे बद्द. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला, पापुद्रा सुटला आणि टोक आत गेलं. बोटभर लांबीचा पट्टा गंजून पातळ झालेला. माती साचायची हीच जागा, चाकाने उडवलेला लाल चिखल इथे बसतो आणि खाऱ्या हवेत वर्षभर ओला राहतो. वरून काळा अंडरकोट इतका छान मारलेला होता की नजरेला काही दिसलं नसतं.

मिस्त्री बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "इथे मारलं असतं तर भोकच पडलं असतं."

वेल्डिंगविरुद्धचं माझं ऐकीव मत इथे प्रथमच पुराव्यानिशी उभं राहिलं. रेल बंद डबा असते. बाहेरून वेल्ड मारलं की आतल्या बाजूचा रंग जळतो, आणि तिथे पुन्हा ब्रश पोहोचत नाही. पुण्यात त्याने कदाचित दहा वर्षं काही बिघडणार नाही. समुद्रापासून दोन किलोमीटरवर ती गंजाला दिलेली मुदत आहे. शिवाय टाक्याच्या कडेचा पत्रा उष्णतेने बदलतो, आणि रेलच्या वरच्या-खालच्या तोंडावर आडवा टाका मारला तर भेग तिथूनच सुरू होण्याचा संभव असतो. म्हणूनच जाणते लोक रेलच्या उभ्या बाजूवर, शंकरपाळ्याच्या आकाराची प्लेट घालून, टाके लांबीच्या दिशेने मारतात आणि कडेपर्यंत नेत नाहीत.

हेही लिहायला हवं की वेल्डिंग वाईट नाही. चासी जाड, कोरडी, नवी असेल, वेल्डर चांगला असेल, तर वेल्ड केलेला स्लायडर हलत नाही, वाजत नाही, पावसाळ्यानंतर कोणी पाना घेऊन खाली झोपायला लागत नाही, आणि स्वस्त पडतो. स्पर्धेसाठीच बांधलेल्या गाडीला मी तेच सुचवेन. ही गाडी तशी नव्हती.

दुसरं एक कारण कागदाचं. 2011 ची खासगी गाडी म्हणजे 2026 मध्ये नोंदणीची 15 वर्षं पूर्ण, मग नूतनीकरण आणि तपासणी. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी कठड्यांवर) कारवाई करायला सांगितलं, ते गाडीत केलेल्या बदलांबद्दलच्या, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 च्या आधारे. स्लायडर बुल बार नव्हे, बॉडीच्या रुंदीबाहेरही आम्ही तो नेणार नव्हतो. पण निरीक्षकापुढे शब्दार्थाचा वाद घालण्यापेक्षा जी गोष्ट पान्याने निघते ती काढून ठेवावी, असं माझं मत आहे. वेल्ड केलेली गोष्ट निघते ती ग्राइंडरनेच.

आरपार भोक पाडण्याचा मार्ग का सोडला तेही सांगतो. डब्याला आरपार बोल्ट घालून आवळला की दोन्ही भिंती मधोमध आत दबतात. ते टाळायला आत नळीचा तुकडा बसवावा लागतो, म्हणजे भोक आणखी मोठं, आणि त्या भोकाची कच्ची कड पुन्हा आतून उघडी. शिकंज्यात बोल्ट रेलच्या वरून आणि खालून जातात, त्यामुळे दाब डब्याच्या काठांवर येतो, जिथे वरचा आणि खालचा पत्रा आडव्या टेकूसारखा उभा असतो. पत्र्याचा डबा मधोमध अंगठ्याने दाबून बघा आणि मग काठावर दाबून बघा, लगेच कळतं.

बांधणी

बाहेरच्या आणि आतल्या पाइपला 40 एनबी (पाइपचं नाममात्र माप) सी क्लास, म्हणजे जाड प्रकार, बाहेरून 48.3 मिलिमीटर, जाडी 4. मधल्या आडव्या काठ्यांना त्याहून पातळ बी क्लास. भावाला सगळं सी क्लासच हवं होतं, पण मीटरला 4.37 किलो म्हणजे वजन चढत जातं. दोन्ही स्लायडर प्लेटसकट काट्यावर 58 किलो भरले. एक टन नसलेल्या गाडीत एक माणूस कायमचा बसवल्यासारखं आहे ते. मिस्त्रींकडे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाइपचा उरलेला तुकडा होता, तो मी हट्टाने वापरू दिला नाही. जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि टाकाही सच्छिद्र येतो.

पायाची बाहेरची प्लेट 6 मिलिमीटर, तिला खाली एक ओठ, जो रेलच्या तळाखाली शिरतो. वर ढकलणारा भार त्या ओठातून थेट रेलच्या तळावर जातो, बोल्टांना तो आडवा सोसावा लागत नाही. आतल्या बाजूलाही 6 ची प्लेट. पुढचा पाय बॉडी माउंटच्या ब्रॅकेटच्या अगदी पुढ्यात टेकवला, म्हणजे पुढे जाताना दगड लागून स्लायडर मागे सरकू लागला तर ब्रॅकेट अडवेल. डावा मागचा पाय गंजलेल्या जागेपासून 180 मिलिमीटर पुढे घेतला, क्रॉसमेंबरपासून जरा लांब, हे मला अजूनही खटकतं. गंजलेला पट्टा कापून तिथे वेगळं ठिगळ मारलं, तेवढं वेल्डिंग टाळता येण्यासारखं नव्हतंच. त्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह काढली, कारण एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणाऱ्या) जिप्सीला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, आहे, आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावला.

उजव्या मधल्या पायाला आतून ब्रेकची नळी आडवी आली. ती क्लिपमधून सोडून प्लेटला घासणार नाही अशी वळवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन पाय बसले असते. पण प्लेटखाली दबलेली ब्रेकची नळी ही चूक करून बघायची गोष्ट नाही.

स्लायडर बाहेरच्या बाजूला 15 अंश वर उचलला आणि पट्टीपासून 25 मिलिमीटर अंतर ठेवलं, बॉडीला हलायला जागा म्हणून. बोल्ट पूर्ण 80 न्यूटन-मीटरला न आवळता 55 वर थांबलो, कारण इथे बोल्ट सोसतो म्हणून डब्यानेही सोसावं असं नाही.

टक्

पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर फोन. "दादा, वाजतंय." मिस्त्रींचा 'मी म्हणालो होतो' हा निरोपही त्याच फोनवर.

गेलो तेव्हा नटांवर मी मारलेल्या पांढऱ्या रंगाच्या रेघा बघितल्या. चोवीसच्या चोवीस रेघा जुळत होत्या, एकही नट फिरलेला नव्हता. तरी पाना लावला तर पुढच्या पायाचा नट हाताला लोण्यासारखा फिरला, षटकोनाची जवळजवळ एक बाजू पुढे, आणि मग कुठे ताठ झाला. एम-12 ची पिच 1.75 मिलिमीटर, एक बाजू म्हणजे 0.3. हे 0.3 मिलिमीटर गेले कुठे?

रंगात. मिस्त्रींनी प्रेमाने रेड ऑक्साइडचे दोन आणि एनॅमलचे दोन हात मारले होते, प्लेटच्या आतल्या तोंडांवरसुद्धा. रेलवर जुना अंडरकोट होताच. भाराखाली हा सगळा थर दबला, पिळवटून कडेने बाहेर आला, आणि नट जागचा न हलता बोल्टमधला ताण संपला. कडेला काळ्या-लाल रंगाची सुतासारखी धार निघालेली दिसत होती. चूक माझी, मीच सांगायला हवं होतं.

सगळे पाय उघडले, प्लेटची आणि रेलची टेकणारी तोंडं घासून फक्त प्रायमरचा पातळ हात ठेवला, आवळून कडांना बाहेरून रंग लावला. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा 55 वर तपासलं, एकच बोल्ट थोडा फिरला. त्यानंतर आवाज नाही.

एक तक्रार मात्र हिशोबात नव्हती. 15 अंशांच्या उतारामुळे मावशीचा पाय घसरतो. तिच्या दृष्टीने ही पायरीच आहे आणि पायरी वाकडी बसवली आहे. शेवटी तिच्या बाजूला चेकर प्लेटचा वीतभर तुकडा बसवला.

पावसाळ्यानंतर

खाणीचे ते दोन काठ आता स्लायडरच्या बाहेरच्या पाइपवरून घासत जातात. डाव्या पाइपचा खालचा रंग पूर्ण गेला आहे, एका ठिकाणी बोटाला लागेल एवढी खळगी आहे, आणि दाराखालच्या नव्या पट्टीवर ओरखडा नाही.

एक पावसाळा झाल्यावर, ऑक्टोबरात, मुद्दाम एक पाय उघडायला लावला, तो सरकवलेला डावा मागचाच. प्लेट सुटली तशी तिच्या आणि रेलच्या मधून लाल चिखलाची ओली चकती निघाली, नाण्याएवढी. पाऊस संपून तीन आठवडे झाले होते. शिकंज्याचं दुखणं हेच, दोन पृष्ठभागांमधल्या फटीत ओल अडकते आणि तिथे गंज बाहेरून दिसत नाही. प्रायमर एका कोपऱ्यात फुगला होता, खाली पत्रा तपकिरी झाला होता, पण टणक होता. मिस्त्रींनी हातोडी मारली, ठण. घासलं, प्रायमर लावला, या वेळी कडेला वरच्या बाजूने सीलंटची रेघ दिली आणि खालची बाजू मोकळी ठेवली, शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून.

बाकीचे पाच पाय भावाने स्वतः उघडले. एका नटासाठी त्याला अर्धा तास तेल सोडून बसावं लागलं. आता तो नट बदलला आहे आणि आट्यांना ग्रीस लावलं आहे. पासिंगच्या आधी सगळे पुन्हा काढायचेच आहेत.